शेड भाड्यानं देताय? ड्रग्जचा कारखाना निघाला तर कळवायचं कुणी आणि साफ करायचं कुणी, हे आधी वाचा

तालुका वार्ताहराकडून

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला मुंबईहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. थोरले काका गिरणीत कामाला म्हणून नायगावला गेले, बीडीडी चाळीत राहिले आणि त्यांचं घरदार तिकडंच झालं. गावाकडं त्यांची माळाला थोडी जमीन आणि त्यावर एक बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड आहे. कोरोनाच्या साली कोंबडी बसली तेव्हापासून त्याला कुलूप आहे.

दादा म्हणाला, "अरे, एक जण शेड भाड्यानं मागतोय. महिन्याला पस्तीस हजार देतो म्हणतोय. सहा महिन्यांचं रोख आगाऊ. फक्त करारबिरार नको म्हणतोय. काय करू?"

मी विचारलं, कशासाठी पाहिजे? तर म्हणाला, "मसाला पॅकिंग. रात्रीची पण पाळी चालवणार, कुणी येऊ-जाऊ नये एवढंच म्हणतोय." मग दादाच पुढं म्हणाला, "आमच्या नायगावात खोलीला मिळतं तेवढं भाडं. आपल्या माळावरच्या शेडला एवढे पैसे कोण देतंय रे?"

बरोबर प्रश्न होता. आपल्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत काय काय सापडलं ते डोळ्यासमोर आलं. दादाला म्हटलं, दोन दिवस थांब. त्या दोन दिवसांत ओळखीच्या एका वकिलांशी बोललो, कायद्याची पुस्तकं चाळली. जे कळलं ते आपल्या वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय. मोठं आहे, पण शेवटपर्यंत वाचा आणि गावाच्या ग्रुपवर टाका.

मुंबईतला धागा आपल्या शिवारात येतो

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं कुर्ल्यात एका महिलेला पकडलं. तिच्याकडं ६४१ ग्रॅम एमडी म्हणजे मेफेड्रोन सापडलं. हा माल आला कुठून, याचा माग काढत पोलीस सुरतला गेले आणि तिथून थेट आपल्या सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावी आले. मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात तिथं छापा पडला. सव्वाशे किलोच्या आसपास एमडी मिळालं. एकूण किंमत सांगितली गेली सुमारे २५२ कोटी रुपये. द्राक्षाच्या पट्ट्यातलं साधं गाव एका रात्रीत देशाच्या बातम्यांत गेलं.

वर्ष होतंय न होतंय तोवर जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत सांगलीच्या स्थानिक गुन्हे शाखेनं कारखाना पकडला. साडेचौदा किलोच्या आसपास एमडी, किंमत तीस कोटींच्या घरात. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी असाच कारखाना उघडकीस आणला होता. त्या प्रकरणात माल नदीत टाकल्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांनी देवळा तालुक्यात लोहोणेर-ठेंगोड्याजवळ गिरणा नदीच्या पात्रात पाणबुडे उतरवून शोध घेतला. आणखी मागं जायचं तर एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत ठाणे पोलिसांनी एका कंपनीतून साडेअठरा टनांच्या आसपास इफेड्रिन जप्त केलं होतं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. विक्री शहरात, पण बनवायची जागा शहराबाहेर. कारण इथं शेडं रिकामी आहेत, मालक मुंबई-पुण्याला आहेत, भाडं कमी आहे, आणि माळावर वास सुटला तरी विचारणारं कुणी नाही. नायगावच्या चाळीत भिंतीला भिंत असते, शेजारच्या घरात काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं. आपल्याकडं शेजारच्या वस्तीवर काय चाललंय ते बांध ओलांडल्याशिवाय कळत नाही. त्यातून बनलेली पुडी मात्र फिरून शेवटी दादाच्या गल्लीतल्या पोरांपर्यंत जाते, आणि आता तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजपर्यंतही येते.

"आपल्याला काय करायचंय" हे कायद्याला चालत नाही

बहुतेकांना वाटतं, पोलिसांना कळवणं ही आपली मर्जी. शहरातल्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण गावात राहणाऱ्यासाठी कायदा वेगळा आहे.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिचं कलम ३४ खास गावांसाठी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४० होतं, म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही. त्यात म्हटलंय की गावच्या कारभाराशी संबंधित प्रत्येक अधिकारी आणि गावात राहणारी प्रत्येक व्यक्ती, यांनी गावात किंवा गावाजवळ अजामीनपात्र गुन्हा घडला किंवा घडवायचा बेत आहे अशी माहिती आपल्याकडं असेल तर ती ताबडतोब जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला कळवायची. गाव म्हणजे नुसतं गावठाण नाही, गावची शेतजमीनही त्यात आली. आणि गावचा अधिकारी म्हणजे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील हे सगळे आले.

ड्रग्ज बनवणं हा एनडीपीएस कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा आहे. एनडीपीएस म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. तेव्हा माळावरच्या शेडात ड्रग्ज बनतंय हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं कळवणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. कळवणं बंधनकारक असताना मुद्दाम गप्प बसलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २३९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

घाबरून जाऊ नका. ज्याला काही माहीतच नव्हतं त्याला हे लागू नाही. "माहिती असणं" आणि "मुद्दाम लपवणं" ह्या दोन्ही गोष्टी लागतात. पण पोलीस पाटलांची जबाबदारी आपल्यापेक्षा जास्त आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणं गावातल्या गुन्हेगारीची माहिती वर पोहोचवणं हे त्यांचं कामच आहे.

गांजा-अफूच्या पिकाबद्दल तर एनडीपीएस कायद्यातच सरळ लिहिलंय. कलम ४६ प्रमाणं जमीनधारकानं आणि कलम ४७ प्रमाणं सरपंच, पंच आणि गावच्या प्रत्येक अधिकाऱ्यानं अशा बेकायदा लागवडीची माहिती लगेच द्यायची, नाही दिली तर शिक्षा आहे. उसात, मक्यात मधोमध कुणी गांजा लावला असेल तर तो ह्या कलमात येतो. ड्रग्जच्या कारखान्यासाठी मात्र वर सांगितलेलं कलम ३४ आहे.

नाव फुटेल ही भीती

मी चार-पाच जणांना विचारलं, तुम्हाला असं काही दिसलं तर सांगाल का? एकानं सरळ सांगितलं, "सांगीन की. पण उद्या माझं नाव त्यांच्या कानावर गेलं तर रात्री पाणी पाजायला मोटारीवर मी एकटाच असतो."

ही भीती खोटी नाही. पण कायद्यानं ह्याची सोय केलेली आहे. एनडीपीएसचं कलम ६८ सांगतं की ह्या कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याला माहिती कुणी दिली हे सांगायला भाग पाडता येत नाही. आरोपीच्या वकिलानं कोर्टात कितीही विचारलं तरी खबऱ्याचं नाव सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर नाही.

त्यातूनही समोर जायचं नसेल तर फोन आहे. केंद्र सरकारची 'मानस' ही अंमली पदार्थविरोधी हेल्पलाइन जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, तिचा नंबर १९३३. तिथं नाव न सांगता माहिती देता येते. धोका अगदी समोर असेल, आग लागली असेल, कुणी बेशुद्ध पडलं असेल तर ११२.

माहिती देताना एवढं सांगा : गाव, शिवार, गट नंबर किंवा जवळची खूण, गाड्या कधी येतात, वास कसला आणि कधी येतो, माणसं किती. स्वतः आत शिरून व्हिडिओ काढायला जाऊ नका. तो ग्रुपवर टाकू तर मुळीच नका. एक तर माल हलवला जातो, दुसरं म्हणजे तुमचं नाव तुम्हीच फोडता.

आणि एक उलटी बाजूही सांगतो. बांधाच्या भांडणावरून शेजाऱ्याच्या नावानं मुद्दाम खोटी खबर देऊन कुणाच्या घराची झडती किंवा अटक घडवली, तर कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. मनापासून वाटलेला संशय आणि दुष्टाव्यानं दिलेली खोटी खबर यात कायदा फरक करतो.

जमिनीच्या मालकाचं काय होतं?

दादाला मला सगळ्यात आधी हेच सांगायचं होतं. आपल्याकडं समज असा की, "मी नुसती जागा दिली, आत काय केलं ते भाडेकरू बघेल." तसं नाही.

एनडीपीएसचं कलम २५ सांगतं की घर, खोली, आवार, जागा किंवा वाहन ज्याच्या मालकीचं वा ताब्यात आहे, त्यानं ते जाणूनबुजून गुन्ह्यासाठी वापरू दिलं तर त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. अर्धी नाही, पाव नाही, तीच. मेफेड्रोनच्या बाबतीत ५० ग्रॅम म्हणजे 'व्यापारी प्रमाण' धरतात. त्यावर शिक्षा आहे दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख दंड. ५० ग्रॅम म्हणजे किराणा दुकानातली चहापत्तीची लहान पुडी. कारखान्यात तर किलोंनी सापडतं.

कलम ५४ त्याहून विचार करायला लावणारं आहे. ड्रग्ज बनवायची खास भांडी, उपकरणं, अर्धवट तयार झालेला माल किंवा नुसता उरलेला गाळ-साका जरी कुणाच्या ताब्यात सापडला आणि त्याला नीट खुलासा देता आला नाही, तर त्यानंच गुन्हा केला असं कोर्ट गृहीत धरू शकतं. मग उलटं सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. म्हणजे भाडेकरू रात्रीत पळून गेला आणि ड्रम, काचेची भांडी, साका शेडात राहिला, तरी मालकानं "असू दे, भंगारात घालू" म्हणून कुलूप लावून ठेवलं तर अडचण मालकाची होऊ शकते.

जामिनाचंही सोपं नाही. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ३७ प्रमाणं सरकारी वकिलाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि आरोपी दोषी नसल्याची वाजवी कारणं आहेत अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. ही खात्री पटेपर्यंत माणूस आतच असतो. खटला किती चालतो ते तुम्हाला माहीत आहे.

मग निर्दोष मालक वाचतो कशावर? 'जाणूनबुजून' ह्या एका शब्दावर. भोला सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ट्रकच्या एका मालकाला सोडलं, कारण ट्रकचा असा वापर होतोय हे त्याला ठाऊक होतं असा पुरावा नव्हता. नुसतं मालकीचं नाव पुरेसं नाही, असा त्याचा अर्थ. पण आपल्याला ठाऊक नव्हतं हे पटवायला आपल्याकडं कागद लागतात : करार, भाडेकरूची ओळखपत्रं, पोलिसांना दिलेली माहिती, बँकेतून आलेलं भाडं. रोखीनं घेतलेले पस्तीस हजार आणि तोंडी व्यवहार ह्यातून निर्दोषपणा कसा दाखवणार?

काही सापडलं तर हात लावू नका

हे प्रत्येकाच्या जिवाशी संबंधित आहे, नीट वाचा. अशा ठिकाणी पेट घेणारी, अंग भाजणारी आणि श्वास कोंडणारी रसायनं असतात. काही वेळा भांड्यातली प्रक्रिया अर्धवट चालूच असते.

१. आत जाऊ नका. गेला असाल तर लगेच बाहेर या, लहान मुलं आणि जनावरं लांब घ्या. वारा ज्या दिशेनं येतोय त्या बाजूला थांबा.

२. विडी, काडी, स्टोव्ह काही पेटवू नका. आतल्या दिव्याचं किंवा पंख्याचं बटन चालू-बंद करू नका. ठिणगी पुरते.

३. झाकण उघडून वास घेऊ नका, बोटानं चाखून बघू नका. पांढरी पावडर दिसली की चाखणारे महाभाग आपल्याकडं आहेत, म्हणून लिहावं लागतं.

४. काही ओतू नका, धुऊ नका, जाळू नका, पुरू नका. दोन ड्रममधलं एकत्र करू नका.

५. अंगावर उडालं तर कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना रसायनाचा संपर्क झालाय हे स्पष्ट सांगा.

६. पोलीस येईपर्यंत आणि त्यांचा पंचनामा होऊन जागा मोकळी करून मिळेपर्यंत साफसफाई करू नका. आरोपीला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तुमच्या भल्या हेतूवर शंका यायला जागा देऊ नका.

आणि ड्रमचं वेगळं सांगतो. आपल्याकडं निळा प्लास्टिकचा ड्रम दिसला की तो धुऊन पाण्याला वापरायची सवय आहे. दुष्काळी भागात टँकरचं पाणी भरायला प्रत्येक दारात ड्रम लागतो. भंगारवाल्याकडून दोनशे-तीनशेला मिळतो. पण कशाचा ड्रम आहे ते माहीत नसताना त्यात पिण्याचं पाणी भरू नका. रसायन प्लास्टिकमध्ये मुरतं, दहा वेळा धुतलं तरी जाईलच असं नाही. अशा शेडातून आलेला ड्रम तर जनावराच्या पाण्यालाही नको.

पोलीस माल नेतात, घाण कोण नेतं?

आता ह्या लेखाचा खरा मुद्दा. छापा पडला की टीव्हीवर पांढरी पोती, कोटींचा आकडा आणि तोंड झाकलेले आरोपी दिसतात. कॅमेरे गेल्यावर त्या शिवारात काय राहतं? भिंतीत मुरलेलं रसायन, खड्ड्यात ओतलेलं पाणी, ओढ्याला गेलेला साका. ते साफ करायचं कुणी?

पोलिसांचं काम एनडीपीएसच्या कलम ५२-अ प्रमाणं चालतं. जप्त मालाची यादी, फोटो आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर होतात. त्यानंतर बाकीचा माल समितीच्या देखरेखीखाली नष्ट केला जातो. त्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं वेगळे नियमही केलेत. ड्रग्ज साध्या शेकोटीत जाळत नाहीत, तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राच्या भट्टीत जाळतात.

पण हे झालं जप्त मालाचं. जमिनीत मुरलेलं आणि विहिरीत उतरलेलं 'मुद्देमाला'त येत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत ड्रग्जच्या प्रयोगशाळा निघालेल्या घरांसाठी वेगळे कायदे आहेत. उदाहरणार्थ वॉशिंग्टन राज्यात आरोग्य अधिकारी असं घर वापरण्यास अयोग्य ठरवतो, आणि परवानाधारक ठेकेदारानं ते साफ केल्याशिवाय तिथं राहता येत नाही. तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेनं साफसफाईची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली आहे. आपल्याकडं खास ड्रग्जच्या कारखान्यांसाठी असा कायदा नाही. पण म्हणून कायदाच नाही असं समजू नका. पर्यावरणाचे कायदे इथं लागू पडतात.

पहिला, घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम. रसायनाचा कचरा ज्याच्या ताब्यात आहे त्याला 'भोगवटादार' धरतात आणि चुकीच्या हाताळणीनं पर्यावरणाचं किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई त्याच्यावर. हा कचरा घंटागाडीत किंवा गावच्या उकिरड्यावर टाकता येत नाही. तो परवाना असलेल्या गाडीतून, नोंदीसह, परवाना असलेल्या केंद्रातच न्यावा लागतो.

दुसरा, पाणी कायदा १९७४. नदी-नाल्यात, विहिरीत किंवा जमिनीवर विषारी पदार्थ सोडायला कलम २४ नं मनाई आहे. प्रदूषण झालं असेल तर कलम ३२ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तातडीनं स्वतः उपाय करू शकतं.

तिसरा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, कलम ९. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्यानं असं प्रदूषण झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं लगेच कळवायचं. मग सरकारी यंत्रणा उपाय करते आणि त्याचा खर्च संबंधित माणसाकडून व्याजासह, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो. शेतकऱ्याला ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. महसुलाची थकबाकी म्हटलं की प्रकरण तहसील कचेरीत आणि जमिनीपर्यंत जातं.

चौथा नवा आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्याप्रमाणं स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं आपल्या हद्दीतल्या संशयित दूषित जागा शोधून त्यांची यादी प्रदूषण मंडळाकडं द्यायची. लोकांच्या तक्रारीवरूनही हे करता येतं. मग मंडळानं ठराविक मुदतीत आधी प्राथमिक आणि गरज पडल्यास सविस्तर तपासणी करायची. जागा दूषित ठरली तर तज्ज्ञ संस्थेकडून साफसफाईचा आराखडा करायचा. खर्च ज्यानं घाण केली त्याचा. तो सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर सरकारनं सोय करायची.

याशिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. विहीर, पीक, जनावर यांचं नुकसान झालं असेल तर भरपाईसाठी तिथं अर्ज करता येतो. साधारण पाच वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नका.

अर्ज दिल्याशिवाय गाडी हलत नाही

आता ह्या चारही कायद्यांत एक मेख आहे. कुणीतरी लेखी कळवल्याशिवाय यातलं काही बहुतेक वेळा आपोआप सुरू होत नाही. पोलीस गुन्ह्याचा तपास करतात, प्रदूषण मंडळाला ओढ्याचं पाणी बघायला कुणी बोलावलं नाही तर ते कसे येणार? म्हणून छाप्यानंतर त्या आठवड्यातच ग्रामपंचायतीनं हे करावं :

मासिक सभेत किंवा ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात गट नंबर, छाप्याची तारीख, जवळच्या विहिरी, बोअर, ओढा आणि पाणी पुरवठ्याचा उद्भव किती अंतरावर आहे ते लिहा. ठरावाची प्रत जोडून प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला अर्ज द्या. आपल्याला सांगलीचं कार्यालय लागतं. त्याच अर्जाच्या प्रती जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला द्या. अर्जात स्पष्ट मागा : माती आणि पाण्याचे नमुने घ्यावेत, उरलेला घातक कचरा अधिकृत केंद्रात न्यावा, आणि २०२५ च्या नियमांप्रमाणं ही जागा संशयित दूषित जागा म्हणून नोंदवावी. आवक नंबर घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

अहवाल येईपर्यंत शंका असलेल्या विहिरीवर ग्रामपंचायतीकडून 'पिण्यास अयोग्य' असा फलक लावून घ्या. आणि एक लक्षात ठेवा. पाणी नमुन्याची जी नेहमीची तपासणी होते तिच्यात क्षार, नायट्रेट, जंतू बघतात. कारखान्यातली रसायनं त्यात दिसतीलच असं नाही. म्हणून "पाणी पास झालं" ऐकून निर्धास्त होऊ नका, रसायनांची तपासणी वेगळी मागा.

शेड देण्याआधी

भाडं बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट असेल तर आनंद नंतर, शंका आधी. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करूनच जागा द्या. आधार, पॅन, फोटो, कायमचा पत्ता घ्या आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. भाडं बँकेतूनच. रसायनाचा कुठलाही धंदा असेल तर प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र बघायला मागा, खरा उद्योजक ते बिनतक्रार दाखवतो. करारात लिहून घ्या की मालक महिन्यातून एकदा पूर्वसूचना देऊन जागा बघेल, आणि खरंच बघा. तुम्ही मुंबई-पुण्याला असाल तर गावातल्या विश्वासाच्या माणसाला ते काम सांगा.

कायम झाकलेल्या खिडक्या, नवे मोठे एक्झॉस्ट पंखे, रात्रीच येणाऱ्या गाड्या, बोर्ड नाही, गावातला एकही मजूर कामाला नाही, डोळे-घसा चुरचुरणारा वास, आणि शेडामागचं गवत अचानक जळालेलं. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण दोन-चार एकत्र दिसल्या तर १९३३ लावायला पैसे लागत नाहीत.

दादाच्या शेडाचं काय झालं?

तिसऱ्या दिवशी दादानं त्या माणसाला फोन करून सांगितलं, "शेड देतो, पण नोंदणी करार होणार, पोलीस ठाण्यात माहिती देणार, भाडं खात्यावर." तो म्हणाला, "विचार करून सांगतो." त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तो खरंच मसाल्यावाला असेल, कागदपत्रांचा कंटाळा आला असेल. त्याच्यावर आरोप करायचा नाही. पण त्याचा नंबर आणि त्यानं काय मागितलं ते आम्ही पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. बाजूच्या गावात कुणाकडं तो गेला असेल तर तिथल्या माणसाला तरी सावध होता यावं.

दादाला महिन्याचे पस्तीस हजार गेले ह्याची थोडी चुटपुट आहे. मी म्हटलं, दादा, शेडापासून आपली विहीर दोनशे फुटांवर आहे आणि तिच्यावर चार घरं पाणी पितात. ह्या दिवाळीला तो येणार आहे. तेव्हा शेडाचे पत्रे बदलून शेळ्या टाकायच्या असं ठरलंय. भाडं काही मोठं सुटणार नाही. पण रात्री झोप लागेल, नायगावात त्याला आणि इथं मला.